वर्षाच्या आत युरोप

१२ जानेवारी, रविवार

आज दाजींनी जाहीर केलं की मे महिन्यात आपण युरोपला जाणार. आपण म्हणजे दाजी, त्यांची मुलं सायली आणि प्रणय, आणि मी. सात देश, दोन आठवडे, सगळा प्रवास रेल्वेने. जेवताना सांगितलं. आई भात वाढत होती, तिचा हात जराही थांबला नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

सरिताताई जूनमध्ये गेली. ताप अंगावर काढला आणि आठवड्यात गेली. तिच्या नवऱ्याने आता रेल्वेचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आहे.

दादा देवगावहून खास यासाठी आला होता. म्हणाला, "पोरांचा दुखवटा काढायला पाहिजे का नाय? दरवेळी साडी अन् टॉवेल-टोपीनंच काढावा असं कुठं लिहिलंय." आमच्याकडे दुखवटा काढायचा म्हणजे माणसाला घरी बोलावून जेवू घालतात, कपडे करतात. दादाच्या मते आल्प्स त्यातच बसतो.

जुळवाजुळव मी करायची असं ठरलं. "रत्ना कंपनीत रोज गाड्या काढती, तिला काय अवघड," हे दादाचं म्हणणं. मी चितेगावला रबरी सीलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. ट्रकमध्ये माल भरून पुण्याला पाठवणं आणि आई गेलेली दोन मुलं परदेशी नेणं यात दादाला फरक दिसत नाही. मी लग्न मोडून आईकडे परत आले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून माझा रिकामा वेळ या घरात सार्वजनिक आहे.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पुढची पोळी घेतली.

१९ जानेवारी, रविवार

दाजींनी त्यांचा प्लॅन पाठवला. सकाळी ॲमस्टरडॅम, दुपारी ब्रुसेल्स, रात्री पॅरिस. हे एका दिवसात. झुरिकला सहा मिनिटांत गाडी बदलायची आहे. हा माणूस सिडकोतून क्रांती चौकात वेळेवर पोचत नाही. सहकारी बँकेत अधिकारी आहे, लोकांच्या कर्जाचे कागद तपासतो, आणि स्वतःच्या प्लॅनमध्ये एक रात्र कुठे झोपायचं तेच लिहायला विसरला.

ज्या व्हिडिओवरून हे उतरवलं तो मी पाहिला. एक तरुण जोडपं, पाठीवर दोन पिशव्या, खिडकीशी डोकं टेकून हसतंय. त्यांना कोणाच्या गोळ्या, कोणाचं जेवण, कोणाचा रुसवा सांभाळायचा नव्हता.

मी तीन देश खोडले. बेल्जियमला कळणारही नाही. राहिले फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि ऑस्ट्रिया. पॅरिसहून झुरिक, तिथून ल्युझर्न, मग मिलान, व्हेनिस, आणि व्हेनिसहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. दाजींना फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच "हो, हो, तू म्हणशील तसं" म्हटलं. दोन आठवडे राबून केलेल्या प्लॅनसाठी दोन वाक्यंसुद्धा भांडले नाहीत. असली माणसं मला कळत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

उस्मानपुऱ्यातल्या एका टूरवाल्याकडे दाजींबरोबर गेले. टेबलावर प्लास्टिकचा आयफेल टॉवर होता, त्यात पेन खोचलेले. तो दाजींकडे बघून बोलत होता आणि कॅटलॉग माझ्याकडे सरकवत होता. म्हणाला, "सर, दोन रूम धरू. एक तुमची अन् मॅडमची, एक मुलांची."

मी दाजींकडे पाहिलं. ते आयफेल टॉवरकडे बघत होते.

मी सांगितलं की मी मुलांची मावशी आहे. टूरवाल्याने दोनदा सॉरी म्हटलं. खाली उतरल्यावर दाजी म्हणाले, "जाऊ दे, त्याला कुठं समजावत बसायचं." एका वाक्याचं काम होतं. समजावत बसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बँकेत हे लोकांना नाही कसं म्हणतात कोण जाणे. बहुतेक म्हणतच नसतील.

ठरवलं, एजंट नको. तिकिटं, हॉटेलं मीच बुक करणार. मी आणि सायली एका खोलीत, दाजी आणि प्रणय दुसऱ्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर गारखेड्याला दाजींकडे होते. मुलांना बसवून रस्ता दाखवला. प्रणय तेरा वर्षांचा आहे आणि अजून प्रश्न विचारतो, तेवढं बरं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरचा पगार कापतात का? रात्रीच्या गाडीत घोरलं तर उतरवतात का? मग बाबांना व्हेनिसलाच ठेवू या. दाजी हसले. मीही हसले.

सायली हसली नाही. ती सोळा वर्षांची, अकरावीत आहे. लॅपटॉपकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

दुपारी मी खिचडी टाकली. ताईचा कुकर काढला, दुसरा घरात नाहीच. शिट्ट्या झाल्यावर सायली उठली, कुकर उतरवला, वाफ गेल्यावर सगळी खिचडी पातेल्यात ओतली, कुकर घासला आणि वरच्या फळीवर पार मागे ठेवला. खिचडी खाल्लीही नाही.

ही मुलगी डिसेंबरपर्यंत दर शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला यायची. ताई गेल्यावर तर दोघी एकाच गादीवर झोपायचो, आणि ती झोपेत माझा पदर धरून ठेवायची. जानेवारीपासून एकदाही आली नाही. कारण विचारलं की अभ्यास आहे म्हणते. ऑफिसातल्या बायका म्हणतात या वयात मुली अशाच वागतात. ऑफिसातल्या बायका प्रत्येक गोष्टीवर तेच म्हणतात.

मला आल्प्स बघायचा नाही. या सगळ्या खटाटोपातून मला एकच गोष्ट हवी आहे. सायली शनिवारी यायला लागली पाहिजे. त्यासाठी मी दाजींनाही दोन आठवडे सहन करीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या आवाजातला एक जुना मेसेज ऐकला. येताना कोथिंबीर आण, एवढंच आहे. पुन्हा ऐकणार नाही.

२ मार्च, रविवार

आईने कपाटातून ताईचा मरून कोट काढला. ताई शिमल्याला गेली होती तेव्हा घेतलेला. म्हणाली, तिकडं थंडी असंल, घालून बघ. मला खांद्यात घट्ट होतो. आई म्हणाली, उसवून घेऊ. मग ताईच्या पाटल्याही काढल्या. मी विचारलं, पॅरिसला पाटल्या कशाला. म्हणाली, "पोरीच्या जातीनं मोकळ्या हातानं हिंडू नये." बारा वर्षं मोकळ्या हातानेच हिंडते आहे, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

आई तारखांच्या मागे लागली आहे. आम्ही तीन मेला निघून सतराला परत यायचं ठरलं आहे. तरी ती रोज विचारते, "नक्की सतरालाच ना? मे सरायच्या आत घरी पाहिजे सगळे." ताईचं वर्षश्राद्ध ज्येष्ठ वद्य द्वितीयेला, म्हणजे यंदा तेरा जूनला आहे. मधे जवळजवळ महिना राहतो. एवढा वेळ कशाला लागतो विचारलं तर म्हणाली, "असतेत कामं."

दादाचाही फोन येतो. तब्येत कशी आहे, जेवलीस का. माझ्या सोडचिठ्ठीच्या वेळी हाच दादा सहा महिने माझ्याशी बोलला नव्हता. ताई गेली आणि त्याला एक बहीण उरली आहे हे आठवलं असावं. उशिरा का होईना.

आणि दाजींच्या मोठ्या बहिणीने मला साडी पाठवली. तुम्ही पोरांसाठी किती करता म्हणून. रंग भयंकर आहे.

१६ मार्च, रविवार

आई देवळात गेली होती. सायली स्कूटीवरून एकटी आली. मला वाटलं आली एकदाची. चहा ठेवला. ती बसली नाही. दाराशी उभं राहूनच म्हणाली,

"लग्न ट्रिपनंतरच आहे ना? तारीख सांग. मला त्या दिवशी घरात थांबायचं नाही."

मी विचारलं, कोणाचं लग्न.

"मावशी, प्लीज."

मग सगळं बाहेर आलं. संक्रांतीच्या आधी दादा त्यांच्या गॅलरीत उभा राहून आईशी फोनवर बोलत होता. दादा फोनवर बोलला की अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं, नाही तर तीन वर्षं काही करता येत नाही. पोरांना आधी चार दिवस रत्नाबरोबर राहू द्या, सवय होऊ द्या. तिकडून आले की मेच्या शेवटी देवळात साधंच करून टाकू. तेवढ्यात दाजी गॅलरीत गेले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत. सायली पडद्यामागे होती.

मी म्हटलं, मला यातलं काही माहीत नाही.

ती माझ्याकडे असं बघत राहिली की मला खाली बघावं लागलं. म्हणाली, "कुठली गाडी किती वाजता, कुठल्या डब्यात कोण बसणार, सगळं तू ठरवतेस. आणि हे तुला माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. हे मी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. चहा तसाच राहिला. जाताना तिने चप्पल घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईचा कोट उसवू नकोस."

१७ मार्च, सोमवार

रजा टाकली. आईला विचारलं. तिने नाकारलंही नाही. मटारच्या शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

"तुला विचारायचं काय त्यात? परक्यात थोडीच देतोय."

मी म्हटलं, मी एक्केचाळीस वर्षांची आहे, मला कोणी कुठे देत नसतं.

"पोरांना आई मिळती. तुला घर मिळतं. अतुलराव काय दारू पितेत का? मारतेत का?"

आमच्याकडे चांगल्या पुरुषाची परीक्षा एवढीच असते. मी म्हटलं, मला घर आहे.

"हे घर माझं हाय. मी गेल्यावर दादाचं व्हईल. अन् तो तुला ठेवील, पण त्याच्या बायकोला विचारून ठेवील. मला डोळ्यानं बघायचंय तुझं काही तरी. एक लेक तर गेली."

यानंतर ती रडली नाही, मटार मोजल्यासारखे हाताने सारखे करत राहिली. मला तिचा राग आला होता, आणि तो कुठे ठेवायचा ते कळेना. ताईची राख थंड होत नाही तोवर हे लोक तिच्या जागी कोण बसणार ते ठरवतात, आणि त्याला दुखवटा म्हणतात. वर पाटल्या. वर साडी.

नाही म्हणायचं तर कोणाला म्हणू? विचारलं कोणीच नाही. आईने सांगितलं, दादाने ठरवलं, दाजींनी ऐकून घेतलं. ज्याने विचारलंच नाही त्याला नाही म्हणायला गेलं की बाई उतावळी झाली आहे असंच दिसतं.

२२ मार्च, शनिवार

काम केलं. दाजींचं कार्ड माझ्याकडेच आहे. आधीच्या तारखा सोडून दिल्या. आता आम्ही एकोणतीस मेला निघतो आणि बारा जूनला रात्री परत येतो. व्हिसाची वेळ उशिराची मिळते आहे हे कारण सांगायला पुरलं, आणि ते खोटंही नाही. विमान, हॉटेलं, पॅरिस-झुरिकच्या जागा, व्हेनिसची रात्रीची गाडी, सगळं आजच करून टाकलं. बदलता येणार नाही असलीच तिकिटं घेतली.

आईला तारखा सांगितल्या. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, चष्मा वर करून मे बघितला, मग जूनचं पान उलटलं, मग पुन्हा मे.

"तेराला तर वर्षश्राद्ध हाय."

"म्हणून तर बाराला परत येतोय."

ती पानाचा कोपरा धरून उभीच राहिली.

दहा मिनिटांत दादाचा फोन. तारखा आधीच्याच बऱ्या होत्या म्हणाला. मी विचारलं, का.

"अगं पण वर्ष सरतंय ना मग."

"सरू दे. त्याचं काय?"

"म्हंजी... नंतर तीन वर्षं थांबावं लागंल."

"कशासाठी थांबायचं, दादा?"

मग त्याने विचारलं, जूनमध्ये तिकडं ऊन फार असतं का. मी म्हटलं, आपल्यापेक्षा कमी. "असं व्हय," म्हणाला आणि फोन ठेवला. ग्रामपंचायतीत गावभर भांडणारा माणूस. सख्ख्या बहिणीला एक शब्द उच्चारून दाखवता आला नाही.

कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं. तोंड न उघडता काम झालं. ट्रिपच्या आधी उरकायचं तर मला तोंडावर विचारावं लागेल, आणि ते यांच्याने होणार नाही. त्यांचीच रीत त्यांच्या गळ्यात बांधली.

२४ मार्च, सोमवार

सायलीला नव्या तारखा पाठवल्या. तिला त्यांचा अर्थ कळेल असं वाटलं, हुशार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

यंदा गुढी नाही. शेजारच्यांनी पुरणपोळ्या आणून दिल्या. दाजी मुलांना घेऊन जेवायला आले.

जेवणाआधी दाजी गच्चीवर आले. मी कपडे काढत होते. कठड्याला धरून म्हणाले, "तारखा बघितल्या. बरं केलंस. मला सुटल्यासारखं झालं." त्यांनाही नको होतं. सरिताच्या जागी कोणी चालतच नाही, ते म्हणाले, आणि तू तर नाहीच, तू तिच्यासारखी चिडतेस. हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मला ते खरं बोलतायत असं वाटलं. तरी रागच आला. मी म्हटलं, मग तेव्हाच तोंड का नाही उघडलंत. गॅलरीत उभे राहून ऐकून घेतलंत. मुलगी पडद्यामागे होती.

ते म्हणाले, "तू तरी कुठं उघडलंस?"

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"कळल्यावर?"

मी चादरीची घडी घातली. मोडली, पुन्हा घातली.

मागे सायली उभी होती. जेवायला बोलवायला आली होती. तिला तारखांचा अर्थ पहिल्या दिवशीच कळला होता. पण तिचं समाधान झालं नव्हतं. म्हणाली, "तीन वर्षांनी परत कॅलेंडर काढतील. तेव्हा कुठल्या देशात नेशील आम्हाला?" आणि मग अगदी हळू, "नाही म्हण ना, मावशी. एकदा म्हण. मला ऐकायचंय."

खाली गेले. आईने पानं वाढली होती. प्रणय आधीच पोळीवर तूप ओतत होता. दादालाही फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

मी म्हटलं, "मी दाजींशी लग्न करणार नाही. वर्षाच्या आत नाही, आणि तीन वर्षांनीही नाही. आई आहे तोवर मी या घरात राहीन. नंतरचं मी बघीन. हे मला कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगते."

फोनमधून दादा फक्त "बरं" म्हणाला. दाजी पानाकडे बघून मान हलवत होते, हो हो करत. आता हो म्हणायला किती सोपं.

प्रणयने तुपाची वाटी खाली ठेवली. "बाबा मावशीशी लग्न करणार होते?" त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मला कोण काही सांगतच नाही. मग ट्रिप कॅन्सल का?"

मी म्हटलं, तिकिटं परत होत नाहीत.

आई उठून आत गेली. पुष्कळ वेळ भांड्यांचा आवाज. मग बाहेर आली, माझ्या पानात पोळी टाकली आणि वर तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं. तोंड वळवूनच म्हणाली, "आधी बोलली असती तर मी पाटल्या पॉलिशला टाकल्या नसत्या." तिचे डोळे लाल होते. माझी तिला अजून काळजी आहे, आणि तिला माझं पटलेलं नाही. पटणारही नाही.

दाजी आणि प्रणय संध्याकाळी गेले. सायली राहिली. दप्तर आणलेलं होतं, म्हणजे येतानाच राहायचं ठरवून आली होती. की मी काय बोलते त्यावर ठरवणार होती, कोण जाणे. आत्ता माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसली आहे. व्हेनिसच्या गाडीतला वरचा बर्थ तिने स्वतःच्या नावावर टाकला, त्याच्या बरोबर खालचा माझ्या. विचारलं नाही. विचारायची या घराण्यात पद्धतच नाही.